पाळीवरून हाक

भूपेशच्या मायले नागपूरच्या दवाखान्यातून राम राम.

तू भेत होती, पण ऑपरेशन चांगलं झालं. कॅन्सरनं खाल्लेलं स्वरयंत्र काढलं, गळ्याले भोक ठेवून आत लहानसा व्हॉल्व बसवला. भोकावर बोट दाबलं का मी बोलतो!

फक्त भोकात पाणी जाऊ द्यायचं नाई, म्हणून तलावात उतरणं बंद. जाळं भूपेशले दे. त्याचा ताप उतरला का?

आज डॉक्टरबाई म्हणे, "काहीतरी बोला." जनमभर तुले भूपेशची माय म्हटलं, पण तोंडातून निघालं, "वच्छला!" अख्ख्या वॉर्डानं टाळ्या वाजवल्या.

आपली पोरगी रीता हे तुले वाचून दाखवतानी हसन, हसू दे. घरी आलो का तलावाच्या पाळीवर उभा राहून तेच नाव हाकारतो. मासोळ्यायले बी ऐकू गेलं पाहिजे.

तुझा,
घनश्याम