काचेवरची काळी चार

२१ सप्टेंबर, रवि.
शबूने आज पुन्हा मागून पेटीचा भाता मारून पाहिला. पट्ट्यांवर माझा उजवा हात, भात्यावर लेकीचा. ऐकणाऱ्याला कौतुक वाटेल, वाजवणाऱ्याला नाही. मला जिथे दम घ्यायचा तिथे ती हवा भरते, मला जिथे जोर हवा तिथे तिला शिंक येते. शेवटी ओरडलो. ती उठली आणि भांडी घासायला बसली.
लकव्याने डावा हात नेला, डावा पाय अर्धा नेला. जीभ तेवढी ठेवली. तीच न्यायला हवी होती, असं बायकोच्या, जरीनाच्या, चेहऱ्यावर दिसलं.
पेटीवर चादर टाकून ठेव म्हटलं.

२४ सप्टें., बुध.
देवरावभाऊ येऊन गेले. सफरचंदं घेऊन. इतकी वर्षं त्यांच्या नाटक कंपनीत पेटी वाजवली, कधी फळ पाहिलं नाही. तेव्हाच समजलो.
दिवाळी झाली की मंडया, गावोगावच्या जत्रा, मंडयांबरोबर नाटकं. गावांची बोलणी सुरू आहेत. वडशाच्या एका की-बोर्डवाल्याला विचारून ठेवलंय म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून.
मी म्हटलं, चांगला वाजवतो तो. खरंच चांगला वाजवतो. म्हणूनच जास्त लागलं.
मीही की-बोर्ड घ्यावा असं जरीना म्हणते. कशातून? दवाखान्याने घर झाडून नेलंय.

२८ सप्टें., रवि.
शबूने घरातल्या एकुलत्या मोबाइलात पेटी उतरवून आणली. "अब्बा, याले भाता नाई लागत."
काचेवर चित्र. पांढऱ्या पट्ट्या, काळ्या पट्ट्या, वर लाकडाचा रंगसुद्धा. बोट ठेवलं की वाजते. बाजूला तबला, बासरी, सतार, सगळी कंपनी खिशात. देवरावभाऊंना दाखवलं पाहिजे, गाडीभाडं वाचेल.
अर्धा तास वाजवलं. वाजवलं म्हणणं जिवावर येतं. काचेला कड नाही. बोटाला कळत नाही ते कुठे उभं आहे. पेटीवर मी डोळे मिटून वाजवायचो, इथे नजर हटली की बोट शेजारच्या घरात. आणि सूर संपतच नाही. पेटीत हवा संपते, सूर थकतो, त्या थकण्यात गाणं असतं. इथे बोट ठेवून माणूस मेला तरी सूर चालूच राहील.
शबूला म्हटलं, खेळणं आहे. झोपताना जरीना म्हणाली, लकव्यानंतर आज पहिल्यांदा तुम्ही जेवायला बोलवूनही आला नाहीत.

३ ऑक्टो., शुक्र.
शेजारच्यांचा बिनतारी स्पीकरचा डबा आणला, आवाज मोठा व्हावा म्हणून. बोट आता दाबतो, सूर मग येतो. मी पुढे, माझा सूर मागून लंगडत. माझ्या पायासारखा. फेकून देणार होतो. शबूने वायर शोधून जोडली. वायरने बरोबर येतो.

७ ऑक्टो., मंगळ.
काळ्या पट्ट्यांनी छळलंय. काचेवर त्या इतक्या बारीक की माझं बोट दोन दोन पट्ट्या एकदम दाबतं. कंपनीत गाणाऱ्या सुमनबाईंचं भूप रागातलं पद, जे दर नाटकात होतं, ते काळी चारमध्ये, चौथी काळी पट्टी सा धरून. म्हणजे अर्ध्याहून जास्त खेळ काळ्या पट्ट्यांवर. दहा वेळा वाजवलं, दहा वेळा चिखल.
शबूने वरच्या कोपऱ्यातलं एक बटण दाखवलं. ते दाबलं की सगळी पेटीच वर सरकते. मी पांढरी चारवर वाजवायचं, फोन त्यातून काळी चार काढून देणार. पांढरी चारवर हे पद घेतलं तर काळी पट्टी एकही लागत नाही. वाजवून पाहिलं. लागलं. स्वच्छ.
लाज वाटली. शिकवणी घ्यायचो तेव्हा मुलांना हात बांधल्यासारखं एकाच पट्टीत वाजवू देत नव्हतो. गाणारा बसेल तिथून वाजव, त्याला ओढू नको. मीच सांगायचो.
पण लागलं.

१२ ऑक्टो., रवि.
सुमनबाई आल्या. सिंदेवाहीहून बसने, एकट्या. कंपनीतली सगळ्यात जुनी नटी, गाणारी. गळ्यात तीच काळ्या मण्यांची पोत. दवाखान्यात आल्या होत्या तेव्हा मला बोलू देत नव्हत्या, रडत होत्या. आज आल्या त्या थेट पेटीवरची चादर काढून पाहिली, पुन्हा टाकली.
मी फोन काढला.
त्यांनी खूण केली. आमची जुनी खूण, रंगमंचावरून बोलता येत नाही म्हणून ठरलेली. काळी पट्टी असली की पोतीच्या मण्याला हात लावायचा, पांढरी असली की दाताला, मग बोटं. मणी आणि चार बोटं. मी बटण पाहून घेतलं, सूर दिला. त्यांनी लावला. आमच्या पत्र्याच्या खोलीत. जरीना चुलीजवळून उठून दारात येऊन उभी राहिली.
पद झालं. मग मीच म्हटलं, मोबाइल आहे हो बाई, लोक हसतील.
"मले फक्त सूर पायजे, हबीबभाऊ. तो कशातून येते ते पाहाले मी नाई बसली."
जाताना म्हणाल्या, गळा आता पहिल्यासारखा नाही, वर जाताना भीती वाटते. तुमचा सूर असला की वाटत नाही. हे त्यांनी याआधी कधी सांगितलं नव्हतं.

१६ ऑक्टो., गुरू.
दे.भाऊंचा फोन. सु.बाईंनी त्यांना सांगितलंय, हबीबभाऊ नसले तर यंदा मीही नाही. दे.भाऊ वैतागले होते. म्हणाले, पहिल्या नाटकाला या, पाहू. वडशावाला पण राहील. तो बाकीचं वाजवेल, बाईंचं पद तुम्ही. जमलं तर सीझन तुमचा.
"जमलं तर" दोनदा म्हणाले.
बाईंनी स्वतःचा सीझन माझ्या एका हातावर लावलाय. त्यांना दुसरं कोण आहे? नाटकाशिवाय त्यांना वर्षभर भाताची लावणी-कापणी. रात्री नीट झोप नाही.

२५ ऑक्टो., शनि.
चांगला दिवस. सकाळी नमाजनंतर वाजवलं, दुपारी वाजवलं. पंधरा-वीस वेळा पद, एकदाही घसरलं नाही. शबूने काचेवर पातळ चिकटपट्टीचे तुकडे लावलेत पांढरी चारच्या दोन्ही कडांना, बोटाला जागा कळावी म्हणून. हुशार आहे. माझ्यावर गेली नाही.
जरीनाने खीर केली. मी म्हटलं, आधी नाटक होऊ दे. ती म्हणाली, खीर नाटकासाठी नाही.

३१ ऑक्टो., शुक्र.
निघतो आता. सावलीकडच्या गावी नाटक. फोन पूर्ण चार्ज. वायर दोन. विमानाचं बटण दाबायचं म्हणजे मधेच कुणाचा फोन येणार नाही, हे शबूने चारदा बजावलं. सगळं लक्षात आहे. बटण सरकवून ठेवलंय, आता त्याला हात लावायचा नाही.
सगळं लक्षात आहे.

१ नोव्हें., शनि.
घरी आलो. आज लिहिणार नाही.

२ नोव्हें., रवि.
लिहितो. नाही लिहिलं तरी तेच डोक्यात फिरतंय.
मंडप भरलेला. बायाबापड्या चटया टाकून, पोरं खांबांवर. वडशावाला नीट वागला, त्याने मला खुर्ची दिली, वायर त्याच्या मिक्सरला लावून दिली. फोन मांडीवर नको म्हणून स्टुलावर ठेवला. काही लोक बघत होते, हसले असतील. मला राग आला नाही. चौथ्या प्रवेशात बाईंचं पद. तबला नंतर येतो, आधी त्या एकट्या उचलतात, फक्त माझ्या सुरावर.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पोतीच्या मण्याला हात लावला. चार बोटं.
आणि माझं बोट काळी चारवर गेलं.
खऱ्या काळी चारवर. मी नेलं नाही, गेलं. वीस सीझन ती खूण बघून हात जिथे गेला तिथेच गेला. चिकटपट्ट्यांच्या मधली जागा राहिली बाजूला. आणि फोन आधीच सरकवलेला. त्याने तेवढंच आणखी वर नेऊन सूर दिला. काळी चार मागितली, मी तीन पट्ट्या वरची पांढरी सात दिली.
मला पहिल्या क्षणी कळलं. कान गेलेले नाहीत. बाईंनाही कळलं असणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी थोडं. वाटलं थांबतील. थांबल्या नाहीत. मी दिलाय म्हणजे काही विचार करूनच दिला असेल, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी तोच सूर लावला.
बोट उचलायला हवं होतं. पेटी असती तर भाता सोडला असता, सूर आपोआप मेला असता, लोकांना वाटलं असतं पेटी बिघडली. इथे माझं बोट काचेवर आणि सूर चालू. उचललं तर त्या मंडपात एकट्या पडतात. खाली सरकवलं तर त्यांच्या पायाखालची फळी काढल्यासारखं. मी ठरवत राहिलो. त्या चढत राहिल्या. वरच्या षड्जाच्या पुढे गेल्या आणि आवाज फाटला. चिरकला नाही, फाटला. कापड फाटतं तसा.
मग तबल्याने उगाच ठेका धरला, वडशावाल्याने सूर भरून काढला, पडदा पडला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. विंगेत बाई तोंडावर पदर धरून बसल्या होत्या. पदराला रक्त होतं. मी समोर गेलो. त्यांनी माझ्या मेलेल्या हातावर हात ठेवला. त्या हाताला काही कळत नाही हे त्यांना माहीत आहे, तरी त्यावरच ठेवला.
चूक कुणालाच सांगितली नाही. सगळ्यांना वाटतंय बाईंचा गळा म्हातारा झाला.

४ नोव्हें., मंगळ.
दे.भाऊंना फोन करून सांगितलं. बटण, खूण, सगळं. बाईंचा गळा ठीक होता, मी वर दिला. ते म्हणाले, "हबीबभाऊ, मले त्या बटनाचं काय समजते? गावानं तर बाईलेच पाह्यलं न." कळवतो म्हणाले.
म्हणजे सांगूनही उपयोग नाही. मोबाइल चुकला असं कुणी म्हणत नाही. हबीब चुकला असंही नाही. बाई संपली असं म्हणतात.

६ नोव्हें., गुरू.
शबू चंद्रपूरला गेली होती, बाईंबरोबर दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले गळ्यातली नस फुटली. बोलणं बंद, कुजबुजही नाही. किती दिवस, सांगत नाहीत. पुन्हा गातील का विचारलं तर म्हणाले, आधी बोलू द्या.
वडशावाल्याने दोन नाटकं केली या आठवड्यात. बाईंच्या जागी नागपूरची एक मुलगी. ती रेकॉर्डवर ओठ हलवते म्हणे. लोकांना आवडलं.

११ नोव्हें., मंगळ.
शबूला म्हटलं, ती पेटी काढून टाक मोबाइलमधून. ती म्हणाली तुम्हीच काढा. पेटीच्या चित्रावर अंगठा ठेवला की ते थरथरायला लागतं आणि कोपऱ्यात फुली येते. फुलीवर बोट नेलं. नाही दाबलं. का ते माहीत नाही. वाजवायची तर इच्छा मुळीच नाही.
दुरुस्तीला एकाची पेटी आलीय, भाता फाटलेला. एका हाताने भाता चिकटत नाही. परत नेऊ म्हणाले.
दे.भाऊंचा फोन नाही.

१६ नोव्हें., रवि.
बाई आल्या. शबू दाराशी ओरडली तेव्हा मी आत लपावं असं वाटलं. खरंच उठलो होतो.
बोलत नाहीत. जरीनाने चहा दिला, मान हलवून घेतला. वाळल्या आहेत. मी जे पाठ करून ठेवलं होतं ते सगळं बोललो, माझी चूक, माझा हात, बटण. त्यांनी ऐकून घेतलं आणि हाताने झटकलं, माशी हाकलावी तसं. मग फोनकडे बोट केलं.
नको म्हटलं. डॉक्टर काय म्हणालेत, आठवा. त्यांनी पुन्हा बोट केलं. ही बाई कुणाचं ऐकत नाही, कधीच ऐकलं नाही.
शबूने फोन पाटावर आणून ठेवला. मी बटण तीनदा पाहिलं. मग बाईंनी पोतीच्या मण्याला हात लावला. चार बोटं. डोळे मिटून घेतले म्हणजे खूण दिसणार नाही, मग चिकटपट्ट्यांच्या मधली जागा बोटाने चाचपली आणि ठेवलं.
काळी चार. बरोबर.
डोळे उघडले. बाईंनी तोंड उघडलं होतं. आवाज नव्हता. नुसती हवा. पण मान तशीच, हाताचा पंजा तसाच मांडीवर, सूर लावतात तेव्हा असतो तसा. हवा थांबली, त्यांनी पुन्हा घेतली, पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा हवा. जरीना रडत आत गेली. मी बोट उचललं नाही. या वेळी उचलणार नव्हतो. कितीही वेळ लागू दे, ही काच थकत नाही, तेवढा तरी तिचा उपयोग.
सूर तुटला.
बोट तिथेच होतं, खाली पट्ट्या नव्हत्या. विमानाचं बटण घरी कोण दाबतं? काचेवर नाव होतं, देवरावभाऊ. फोन वाजू लागला, ती त्याची ठरलेली धून.
बाईंनी नाव वाचलं. माझ्याकडे पाहिलं. तोंड अजून उघडंच होतं.
शबू म्हणाली, अब्बा, उचला.