पाच ते साडेसहा

६ मार्च

नवरा आजही पावणेसातला आला. सुटतो पाचला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला उशीर होऊ शकतो, कुठे कोणी अडकलं असेल, हे मला कळतं. पण रोज? रोज कोण अडकतं?

दार उघडलं आणि मी आधी श्वास ओढून घेतला. दारूचा वास नव्हता. पुदिन्याच्या गोळीचाही नव्हता. तेच जास्त खटकलं. पूर्वी पिऊन यायचा तेव्हा गोळी चघळतच यायचा. आता काय नवीन शोधून काढलंय कोण जाणे.

"उशीर?"

"काम निघालं." दोन शब्द. नजर बुटांच्या लेसकडे.

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्याला आज ऐंशी दिवस. तो मोजत नाही म्हणतो. मी मोजते.

७ मार्च

फ्लशची टाकी. पिठाचा डबा. हत्यारांची पेटी. बाटली कुठेच नाही.

पेटी होती तशी लावायला वीस मिनिटं गेली. पाने लहान-मोठे ओळीने लावलेले असतात त्याचे. एक चुकला असणार. संध्याकाळी त्याने पेटी उघडली, क्षणभर बघत राहिला, बंद केली.

९ मार्च

केंद्रातल्या समुपदेशक ताईंकडे दोघं गेलो. ताई मला म्हणाल्या, "विश्वास एकदम नाही बसणार. थोडा थोडा ठेवून बघा." मी मान हलवली. थोडा म्हणजे किती, ते विचारायला हवं होतं.

मी कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस. दिवसाला चारशे शर्ट हातांखालून जातात. कॉलरचं टोक, काजं, बगलेची शिलाई. चूक दिसली की खडूची खूण. आणि जो शर्ट अगदी बिनचूक दिसतो, तो मी दोनदा उलटून बघते. अशी बाई घरी येऊन डोळे मिटून कशी बसणार?

१० मार्च

त्याच्या कामावरच्या जोडीदाराला फोन केला. निमित्त भलतंच काढलं. तो बिचारा सरळपणे म्हणाला, "वहिनी, हा तर पाचच्या ठोक्याला निघतो. कामं हल्ली कमीच आहेत."

म्हणजे खोटं. भाजी करपली.

लेक नववीत आहे. करपल्याच्या वासाने स्वयंपाकघरात आली. "आई, बाबांचं परत सुरू झालं का?" दूध संपलं का, असं विचारावं तसं विचारते. मी नाही म्हटलं. मग वाटलं, हे कशाच्या जोरावर सांगितलं मी?

१२ मार्च

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पाचला त्याच्या ऑफिससमोर, झाडांच्या कुंड्यांमागे. स्वतःचीच लाज वाटत होती, तरी उभी राहिले.

निघाला. मी मागे. वाटेत दारूची दोन दुकानं. दोन्ही वेळा रस्ता ओलांडून पलीकडून गेला. पुढे चौकातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात शिरला. काउंटरवरची बाई त्याला बघून हसली. झालं! माझ्या मनात दोन मिनिटांत सगळा संसार मोडून झाला.

पण तो तिच्याकडे गेलाच नाही. मागच्या रांगेत जाऊन बसला. नंबर घेतला नाही. मांडीवर हात ठेवून नुसता बसून. डोळ्याला पट्टी बांधलेल्या एका आजोबांना पाणी आणून दिलं, त्यांचा नंबर पुकारल्यावर दारापर्यंत धरून नेलं. परत जागेवर. साडेसहापर्यंत!

मी बाहेर काचेला नाक लावून. रखवालदार म्हणाला, "बाई, डोळे दाखवायचेत का?"

१३ मार्च

सकाळी सरळ विचारलं. त्याने कप खाली ठेवला.

"पाच ते साडेसहा माझी प्यायची वेळ होती. अजून तेव्हा घशाला कोरड पडते. तिथली लिफ्ट मीच बसवलीय, म्हणून बसू देतात. तेवढा वेळ टळला की सुटलो."

"मग सरळ घरी यायचं."

"घरी तू दारात वास घेतेस."

"निदान सांगायचं तरी होतंस."

"सांगितलं असतं तर खात्री करायला आली असतीस."

"न सांगताही आलेच ना."

दोघंही हसलो. आणि लगेच गप्प झालो, काहीतरी चोरल्यासारखे.

१५ मार्च

दवाखान्यात फोन केला. "आलेत का आज?" काउंटरवरची बाई म्हणाली, "आलेत की. बोलावू?" मी नको म्हणून ठेवून दिला.

लाज वाटली. पण करायचा तो फोन केलाच.

१६ मार्च

परत केला.

१९ मार्च

दार उघडताना ठरवून श्वास रोखून धरला. त्याच्या लक्षात आलं. म्हणाला, "घे गं, गुदमरशील."

२२ मार्च

आज फोन नाही. दारात वास घेणंही नाही. पावणेसातला आला, जेवला, लेकीला गणितं समजावून सांगितली. बरा दिसत होता. मी पाठ टेकली तशी झोपले. किती महिन्यांनी!

२३ मार्च

सकाळी भांडी घासत होते. तो मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "काल दवाखाना बंद होता. मी प्यालो. ताईंना आत्ताच फोन केलाय, अकराला बोलावलंय. तू येशील?"

मला काल कसली शंकाही आली नव्हती. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही, खिशाकडे नाही. हात पुसले आणि चपला घातल्या. लग्नाच्या सोळा वर्षांत त्याची ही पहिलीच गोष्ट मी तपासून न बघता खरी मानली.