कोंड्यावर घेतलेली

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुझ्यावरचा माझा राग काही पुरता गेला नव्हता. तळेघरला मी आठव्या महिन्यातच जन्मले. आधीची दोन गेलेली, म्हणून तू मला शेजारणीच्या ओटीत टाकलंस आणि मूठभर कोंडा देऊन परत घेतलंस. कोंड्याच्या मोलाच्या पोरीकडे मरण कशाला बघेल, असं तुझं म्हणणं. घोडेगावच्या बाजारात कुणी म्हटलं, "लेक लई गोड हाय," की तू फटकन म्हणायचीस, "माझी न्हाई ती. कोंड्यावर घेतलीया." मी तुझ्या पदराआड रडायचे.

यंदा माझी मुलगी सातव्या महिन्यातच झाली. मंचरच्या एका दवाखान्यात काचेच्या पेटीत ती निजलेली, नाकात नळी. तिची छाती हलते, मध्येच थांबते, यंत्र ओरडायला लागतं. सिस्टर तळपायाला टिचकी मारते तेव्हा कुठे पुन्हा हलते. तोवर मी मेलेली असते. एका दुपारी सिस्टर दारात येऊन म्हणाली, "हिची आई कोण? बाळाला छातीशी धरायचंय." मी पुढे झाले आणि माझ्या तोंडून निघालं, "माझी न्हाई ती." शिकल्यासवरलेल्या बाईच्या तोंडून!

सिस्टर वैतागली. "तुमी पण तेच? मघाशी काचेपाशी आजीबाई व्हत्या, त्या पण हेच म्हणल्या. मग दूध कुणाचं पाजतोय आमी?"

कोणत्या आजीबाई? सासूबाई तर पाय मोडून गावी पडलेल्या.

"हिरवं लुगडं, हनुवटीवर गोंदण. लई येळ बघत व्हत्या पोरीकडं."

आई, तुला आम्ही हिरवं लुगडं नेसवूनच नेलं होतं.

मी लेकीला उघड्या छातीशी धरलं. त्या दुपारी तिचा श्वास एकदाही थांबला नाही. काचेकडे पाठ करून बसले होते मी, एकदाही वळले नाही.

आता ती घरी आहे, दूध पिते, सगळी आळी जागी होईल इतकी रडते. तुझ्यावरचा राग गेला. तू मला का नाकारत होतीस ते आता माझ्या जिवाला कळलंय. पण तू त्या दिवशी तिला राखायला आली होतीस की न्यायला? नात बघायचा तुला हक्क आहे, आणि मलाही ती तुला दाखवावीशी वाटते. तरी हे लिहिलेलं मी फाडून टाकणार आहे. तुझ्यापर्यंत पोचलं तर तू उत्तर द्यायला येशील. आई, मला तुझी भीती वाटते.