भ ची रेघ

मंगळवार, दुपार

चि. ढब्बूस आईचे अनेक आशीर्वाद. दुकानदार झालास तरी मी ढब्बूच लिहिणार.

तर आधी आल्या त्या चिमणीच्या कॉलेजातल्या बाई. मागून उंच सर, चौकटीवर कपाळ आपटूनच आत. मुलांची अर्धवट कामं खोल्यांवर जाऊन बघतात म्हणे. घाईघाईत माझ्याकडून चहात साखर दोनदा पडली. बाईंनी सगळा प्यायला. गुणाची बाई.

खोली तू अजून बघितलेलीच नाहीस. भिंतभर कागद, दोरीवर कागद, माझ्या पलंगाखाली शाईच्या बाटल्या. तुझी लेक अक्षरं कापते, उलटी टांगते, बटाट्यावर कोरून छापते. एकदा ते बटाटे मी भाजीला घेतले तर केवढा आरडाओरडा! "आजी, तो माझा क होता!" जेवलो आम्ही तिचा क.

माझा गुडघा आहे तसाच आहे.

आता ऐक. सर भिंतीसमोर गेले आणि एकदम ताठ झाले. पटकन शर्टाचं वरचं बटण लावलं. बाईंना हळूच म्हणतात, "आपलं काही चुकलं का हो?" कारण भिंतीवरच्या कागदावर हातभर अक्षरांत लिहिलेलं, जरा मान ठेव.

चिमणी पांढरीफटक. "सर, हे असं नव्हतं!"

नव्हतंच. तिनं लिहिलं होतं, जरा भान ठेव. पण डोक्यावर रेघच नाही! सगळी अक्षरं उघडीबोडकी. मला वाटलं, पोर घाईत विसरली, आता नापास करतील. आणि तू तर बजावून ठेवलंयस, या वेळी काम पसंत पडलं नाही तर सामान बांध आणि दुकानात येऊन बस. म्हणून हे दोघे यायच्या जरा आधी, ती अंघोळीला गेल्यावर, फूटपट्टी सापडेना तर लाटणं धरून, मी एका दमात रेघ ओढून दिली. भ चा झाला म.

रेघ न काढणं हाच प्रयोग होता म्हणे. आता हे मला कोणी सांगायला नको?

ओरडा बसणार म्हणून मी हळूच स्वयंपाकघराकडे सरकले, तर चिमणी खो खो हसायलाच लागली. डोळे पुसत पुसत हसली. बाई हसल्या, सर हसले, म्हणाले, "आजी, भ ची रेघ मध्ये तोडतात." मी म्हटलं, "ते शिकवायच्या आत वडिलांनी माझं शाळेतून नाव काढलं." मग सरांनी आणखी अर्धा कप चहा मागितला. तो गोड चहा!

"वाक्य कुणाचं?" बाईंनी विचारलं.

"घरातलंच," एवढंच म्हणाली पोर. तुझं नाव घेतलं नाही. फोनवर दर वेळी काय म्हणून ठेवतोस, आठव जरा.

बाई म्हणाल्या, बिनरेघेचा दुसरा कागद कर, आजीच्या शेजारी लाव, दोन्ही जोडीनं बघू आणि मग ठरवू. आत्ता तेच चाललंय. मला लाटण्यालासुद्धा हात लावू देत नाही.

तू ये. रागावायला आलास तरी चालेल, पण आधी भिंत बघ, मग बोल. ही पोर नाव काढील रे. तू तिचं नाव काढू नकोस.

भ सगळीकडे जपून लिहिलाय. कुठे म झाला असेल तर तसाच वाच.

तुझी आई

बाई आणि सर शनिवारी सकाळी परत येतो म्हणालेत.