पत्ता नाही

३ सप्टेंबर २०२४, मंगळवार. कोयनानगर

आजपासून मी बेपत्ता.

ऋषिराजनं इथं आणून सोडलं आणि फोन काढून घेतला. "लोकेशन दिसतंय गड्या. कोणीतरी येडा शोधून काढंल." त्याच्या मामांचं कॉलनीतलं क्वार्टर रिकामं आहे. भिंतींना ओल, खिडकीबाहेर धुकं. धरण कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा दिसत नाही.

बँडला तिघंच. मी गातो, ऋषिराज गिटार वाजवतो, कीर्ती ड्रम. नाव काटेकुंपण. कॉलेजपासून वाजवतोय आणि अजून आम्हाला आमच्या मित्रांशिवाय कोणी ऐकत नाही. गेल्या वर्षी एका मंडळानं बोलावलं होतं, दुसऱ्याच गाण्याला स्पीकर बंद केला. म्हणाले, पोरांना नाचता येईना. आता अल्बम झालाय — 'पत्ता नाही'. ऋषिराजचं म्हणणं, गाणी चांगली असून भागत नाही, लोकांना आधी काहीतरी शोधायला लावलं पाहिजे. मग गाणारालाच गायब करू. सांगली, आष्टा, कराड, मलकापूर — सगळीकडं माझ्या फोटोची पोस्टरं. खाली एवढंच, 'बिरदेव कुठं हाय?' बँडचं नाव नाही, अल्बमचं नाही. वीस तारखेला अल्बम येणार आणि शेवटच्या गाण्याच्या व्हिडिओत मी परत येणार.

सकाळी सांगलीत केस कापले, दाढी काढली. केस खांद्यापर्यंत होते. आरशात कोणीतरी भरतीला निघालेला पोरगा दिसला.

कीर्ती पहिल्यापासून विरोधात. "तुझ्या आईला काय सांगणार?" एवढंच विचारत राहिली. ऋषिराज म्हणाला, मी स्वतः वस्तीवर तुझ्या घरी जाऊन सांगून येतो. मला बरं वाटलं. आईला हे समजावून सांगणं मला जमलं नसतं. जाहिरात म्हणजे काय, इथूनच सुरुवात करावी लागली असती.

हे नाही चाललं तर मी गाणं सोडणार. कोणाला सांगितलेलं नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

शेजारच्या सुलाबाई डबा देतात. त्यांचे मालक धरणावरच कामाला होते, आता त्या एकट्याच. "कशाला आलाईस बाबा इथं, पावसात?" मी म्हणालो, एमपीएससीचा अभ्यास. लगेच भाकरीबरोबर तूप आलं. सायब झाल्यावर इसरू नको म्हणाल्या.

दिवसभर काही नाही. पाऊस, पत्रा, पाऊस.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. कॉलनीत स्पीकर लागलाय. इथं तरी आमचं गाणं कोण लावणार.

९ सप्टेंबर, सोमवार

ऋषिराज येऊन गेला. गाडीतून उतरायच्या आधीच फोन पुढं केला. पोरं रील करतायत. एकानं उसाच्या ट्रॉलीमागं रंगवून घेतलंय — 'बिरदेव कुठं हाय?' एका मंडळानं देखाव्यात माझा फोटो लावलाय. कोणी म्हणतंय पोरीचं प्रकरण, कोणी म्हणतंय मारून टाकला. कोणी म्हणतंय कोयना धरणाच्या भिंतीवर बघितला. ते वाचून आम्ही दोघं हसलो.

खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. इतक्या लोकांनी माझं नाव कधी घेतलं नव्हतं. पण मी गातो हे त्यातल्या एकालाही माहीत नाही. गायब झालो तेव्हा दिसायला लागलो.

"घरी सांगितलंस ना?"

"सांगितलं की."

फोनमध्ये बघत म्हणाला.

दुपारी जमीन हलली. भांड्यांचा आवाज आला आणि ऋषिराज अनवाणी बाहेर पळाला. सुलाबाई दारातूनच म्हणाल्या, "रोजचंच हाय ते." तो लगेच निघाला. मी त्याला परत विचारायला हवं होतं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

जसं झालं तसं लिहितो.

दुपारी सुलाबाईंकडं जेवायला बसलो होतो. त्या फोन बघत होत्या. बघता बघता पदर डोळ्याला लावला. म्हणाल्या, "बघ रं, कुणाचं लेकरू हरवलंय. आई कशी रडाय लागलीया." आणि फोन माझ्यासमोर धरला.

आमच्या प्रॅक्टिसच्या खोलीचं शटर. सांगलीतलं. पायरीवर माझी आई बसलेली. मागं माझे वडील, आबा, हातात काठी, डोक्याला पटका नीट बांधलेला — कुठं जायचं असलं की बांधतात तसा. आई म्हणत होती, "माजा बिरदेव कुणाला दिसला तर सांगा. त्येला म्हणावं, आय काय बोलणार न्हाई. नुस्तं घरला ये." आबांनी त्यांचा फोन नंबर सांगितला. त्यांना वाचता येत नाही. नंबर पाठ केला होता. एकेक आकडा सावकाश, चुकू नये म्हणून.

आणि कॅमेऱ्यामागून आवाज आला. "मावशी, अजून एकदा इकडं बघून सांगा."

ऋषिराजचा आवाज.

आईनं डोळे पुसले आणि इकडं बघून परत सांगितलं.

सुलाबाईंनी मला ओळखलं नाही. पोस्टरवरच्या पोराला लांब केस आणि दाढी. म्हणाल्या, "जेव की रं. निवतंय." मी घास गिळला.

त्यांच्याच फोनवरून ऋषिराजला लावला. पहिल्यांदा म्हणाला, त्या आपणहून आल्या, मी बोलावलं नव्हतं. मग म्हणाला, सांगायला जाणारच होतो, राहून गेलं. आणि मग म्हणाला, "हे बघ, आधी सांगितलं असतं तर असं रडू आलं असतं का? पाच लाख लोकांनी बघितलंय बिरदेव. पाच लाख. वीसपर्यंत थांब."

मी फोन ठेवला.

आबांना लावला. व्हिडिओत सांगितलेलाच नंबर. लगेच उचलला. मागं एसटी स्टँडचा आवाज, कोणतीतरी गाडी पाटणहून सुटतेय असं पुकारत होते.

"आबा, मी बिरदेव."

बोलले नाहीत. मी परत म्हणालो. गाडीचा आवाज लांब गेला तरी बोलले नाहीत.

मग म्हणाले, "बास करा रं पोरांनो. सकाळपास्नं लय बिरदेव झालं."

"आबा, खरंच मी—"

"माजं पोरगं असं करणार न्हाई. आईला असं रडवणार न्हाई त्यो."

फोन कट. परत लावला तर बंद. मग बंदच.

त्या व्हिडिओखाली बघितलं. पोरांनी आबांना फोन करून रेकॉर्ड करून टाकलंय. 'आबा, मी बिरदेव बोलतोय, मटण करा.' पुढं हसणं. आबा प्रत्येकाला विचारतायत, "कुठं हाईस बाळा?" एकेकाला विचारतायत.

सुलाबाईंना सांगितलं, तो पोरगा मीच. त्यांनी ताट उचललं आणि आत गेल्या.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

पाटणच्या रस्त्यावर काल दुपारीच दरड आली, एसटी बंद. उजाडताच चालत निघालो. वाटेत कीर्ती भेटली — भावाची पिकअप घेऊन मलाच न्यायला येत होती. दरडीच्या पलीकडं गाडी लावून, चिखलातून चालत आली होती.

बँड सोडला म्हणाली. व्हिडिओ बघितल्या बघितल्या आष्ट्याहून थेट वस्तीवर गेली आणि आईला सगळं सांगितलं. आईला वाटलं, ही समजूत घालायला आलीय. "नक्की जिता हाय न्हवं?" हेच विचारत राहिली. आबा मात्र त्याआधीच निघाले होते. कोणीतरी लिहिलं होतं ना, धरणाच्या भिंतीवर बघितला म्हणून. तेवढं वाक्य कोणीतरी त्यांना वाचून दाखवलं.

ते मला शोधायला माझ्याच दिशेनं येत होते. पाटणपर्यंत आले होते. आम्ही पाटणच्या स्टँडवर विचारलं, चहावाल्यांना विचारलं. पटक्यातला म्हातारा काल होता म्हणाले. बराच वेळ बाकावर बसून होता. मग दिसला नाही.

मलकापुरात डिझेल भरायला थांबलो. समोरच्या भिंतीवर मी. एकाच्या खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'भाऊ, लवकर ये'. ते वाचत उभा राहिलो ती चूक झाली. एकानं ओळखलं. मग घोळका, फोन वर. कीर्ती गाडीत बस म्हणत होती, पण मी म्हटलं बरं झालं, आता सांगून टाकू. सांगितलं — मी हरवलो नव्हतो, हे अल्बमसाठी केलं होतं, चुकलं. पण माझे वडील मला शोधत फिरतायत, कोंडीबा त्यांचं नाव, कोणाला दिसले तर कळवा.

सांगलीला पोचेपर्यंत ते सगळीकडं गेलं होतं. पहिलं निम्मंच. आबांचं कापून टाकलं होतं.

१४ सप्टेंबर, शनिवार. वस्ती

आई दारात होती. पळत आली नाही. जवळ गेलो तर डोक्यावरून हात फिरवला. "क्यास कुणी कापलं?" एवढंच. मग भाकऱ्या थापायला बसली. मी जेवत असताना समोर बसून राहिली, आणि हात धुवायला उठलो तसं म्हणाली, "आता त्येस्नी आण."

वस्तीवरचे गडी मेंढरं बायकांवर टाकून मला शोधायला गेले होते. आज एकेक करून परत आले. माझ्याशी कोणी बोललं नाही. फक्त चुलते थांबले. म्हणाले, "मिरजंच्या दवाखान्यात बेवारशी मढी बघून आलो रं मी. एकेकाच्या तोंडावरचं फडकं काढून बघितलं. तूच हाईस का म्हणून."

एवढं बोलून मेंढरांकडं गेले.

१६ सप्टेंबर, सोमवार

आबांची पोस्टरं लावतोय. मी आणि कीर्ती. पाटण, कराड, मलकापूर. फोटो कुठला, तर आबांचा एकही धड फोटो नाही. त्या व्हिडिओतलाच काढावा लागला.

कोणाचा विश्वास बसत नाही. कराडात एकजण म्हणाला, "आता बापाचा अल्बम काय?" दुसऱ्यानं पोस्टरसोबत सेल्फी घेतला. चौकीत गेलो तर तिथल्या हवालदारानं फोटोकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "जाहिरात संपली की या." मी हात जोडले. मागं बसलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, ॲक्टिंग बरी करतोय.

संध्याकाळी कळलं, 'आबा कुठं हाय?' वर पण रील निघाले.

१७ सप्टेंबर, मंगळवार

नदीकाठानं बघत आलो. विसर्जनाची गर्दी. प्रत्येक पटका त्यांचाच वाटतो.

१८ सप्टेंबर, बुधवार

आई विचारते, फोन लागला का. बंद आहे म्हणतो. ती म्हणते, चार्जिंग संपलं असंल. रोज हेच. काल म्हणाली, त्येंच्या गोळ्या हितंच राहिल्यात बीपीच्या. गोळ्यांची पट्टी पदराच्या गाठीत बांधून ठेवलीय, सापडले की लगेच द्यायला.

माझ्यावर एकदाही रागावलेली नाही. रागावली असती तर बसता तरी आलं असतं तिच्यासमोर.

२० सप्टेंबर, शुक्रवार

अल्बम आला. मी ऋषिराजला नको म्हणालो होतो, हात जोडून म्हणालो होतो. त्यानं आणला.

चाललाय म्हणे, जोरात. तालुक्यातली पोरं गाडीत वाजवतायत. फाट्यावर उभा असताना एका ट्रॅक्टरवर मीच गात होतो. ज्यासाठी इतकी वर्षं घसा फोडला ते रस्त्यानं समोरून गेलं आणि मला कानावर हात ठेवावेसे वाटले.

ऋषिराजचा फोन. "शिव्या घालायला येतात पण ऐकून जातात गड्या. पुण्याहून शोसाठी विचारलंय." मग आवाज खाली आणून, "आबांचं काय कळलं?"

म्हटलं, कळलं की पोस्टर लावतो. ठेवून दिला.

मी परत गाणार नाही. हे आज शपथ म्हणून लिहीत नाही. घशात काही येतच नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

आबा सापडले. आरेवाडीच्या बनात, आमच्या कुलदैवताच्या, बिरोबाच्या देवळामागं बसलेले. पुजाऱ्यानं निरोप धाडला. म्हणाला, बरेच दिवस इथंच आहेत, घरी जा म्हटलं की उठून दुसऱ्या झाडाखाली बसतात.

मी पाया पडलो. पाय मागं घेतले नाहीत, हातही ठेवला नाही. म्हणालो, आबा, त्या दिवशी फोनवर मीच होतो. खरंच मीच होतो.

म्हणाले, "ठावं हाय. बापाला पोराचा आवाज कळत न्हाई व्हय? तवाच शोधायचं थांबलो."