रक्त बी निगेटिव्ह

अमरावती,
पोळा होऊन आठवडा झाला.

श्री. देवीदासराव यांस, मुक्काम जुने शहर, अकोला.

तुमच्या बहिणीचा नवरा खुशालराव याचा दोन्ही हात जोडून रामराम. (हात जोडले तरी मान ताठ हाय. नात्यानं मी मोठा, हे इसरू नका.) तुमची कंबर कशी हाय? माणिकबाईच्या गुडघ्याले थे शेक देणारं यंत्र मानवलं काय? मोर्णा नदीचं पाणी औंदा तुमच्या गल्लीत घुसलं होतं म्हणून ऐकलं, तं कोठीतले गहू वाचले का भिजले? इकडं आम्ही आता खुशाल हाओ. 'आता' हा शब्द मुद्दाम टाकला, त्याच्यासाठीच हे पत्र.

तुम्ही म्हणसान, खिशात फोन असताना या माणसाले पत्र लिहाची हुक्की काहून आली. तं त्याचं कारण असं का फोनवर तुम्ही मधात बोलता. समोरच्याचं वाक्य अर्धं झालं का तुम्ही 'हो हो, समजलं' म्हणून मोकळे, आन् समजलेलं काहीच नसते. त्या दिवशी बी तेच झालं. मी फोनवर सांगतलं का प्राजक्ताचं रक्त बी निगेटिव्ह आलं, घोर मिटला. तुम्ही तेवढ्यावर फोन ठेवला आन् घरच्या ग्रुपवर टाकून देल्लं, 'सर्व काही निगेटिव्ह, देवाची कृपा', आन् त्याखाली साऱ्या सोयऱ्याधायऱ्यायनं हात जोडले. (पुढचं मले बी माहीत नव्हतं, हे कबूल. पण तुम्ही विचारलं बी नाई.) देवीदासराव, थे सारं साफ उलटं होतं. म्हणून आता कागदावर सांगतो. कागदावर एका वेळी एकच माणूस बोलते.

आमच्या वरच्या खोलीत सुगत भाड्यानं राह्यते. तंत्रनिकेतनात शिकवते, भाडं वेळेवर देते, जिना वाजवत नाई, त्याच्यात काही खोट नाई. फक्त आल्या आल्या त्यानं गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तार ताणली. मले वाटलं बिचाऱ्यानं कपड्यायची सोय केली, म्हणून मी माझी दोन धोतरं वाळू घातली, तं पोट्टा चाकू लागल्यासारखा धावत आला. मंग रोज संध्याकाळी त्याच्या खोलीतून आवाज ये, 'शिकू, शिकू, शिकू'. मी तुमच्या ताईले, आशाले म्हणो, पाह्य, मास्तर होऊन बी अजून शिकू शिकू करते, नाहीतर आपले चिरंजीव. (मागाहून कळलं का थे इंग्रजी 'सीक्यू' होतं. म्हणजे, हाय काय कोणी ऐकणारा, असं साऱ्या जगाले विचारणं.) याले हौशी रेडिओ म्हणते. सरकारची परीक्षा देऊन लायसन घ्या लागते. मंग टॉवर नाई, कंपनी नाई, रिचार्ज नाई, पेटीत बोललं का वाऱ्यावरून कुठच्या कुठं ऐकू जाते. मी एकदा विचारलं, बाबू, बोलता काय एवढं? तं म्हणे, आवाज कसा येते हे विचारतो. मी म्हटलं, मंग? तं म्हणे, थो बी आपला आवाज कसा येते ते सांगते. एवढा सारा खटाटोप करून दोन शहाणे माणसं एकमेकाले आवाज कसा येते एवढंच विचारते, याचं मले भल्लं हसू ये. इमर्जन्सीले कामी पडते म्हणे. मी म्हटलं, पडो बाप्पा.

आता मुख्य गोठ. आमची पोरगी प्राजक्ता मेळघाटात धारणीले शिक्षिका हाय आन् तिचे दिवस भरत आले होते, हे तुम्हाले ठाऊक हाय. पोळा झाला का तिले बाळंतपणाले घरी आणाचं ठरलं होतं. (जवाई म्हणत होते आधीच न्या. मी म्हटलं, पोळ्याले बैलाले निवद दाखवून निंघतो, घाई कशाची. हे आशाच्या पुढं काढू नका.) पोळ्याच्या रातीपासून मेळघाटात असा पाऊस कोसळला का झाडं आडवी, नाले रस्त्यावर, लाइन गेली आन् मोबाइल मुका. दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या करीले, सकाळी आम्ही दोघं फोन घेऊन बसलो, तं थे बाई एकच सांगे, संपर्क क्षेत्राच्या बाहेर हाय. आशानं चहा केला आन् तसाच मोरीत ओतला. मी पेपर वाचून राह्यलो होतो. पेपर उलटा होता म्हणते आशा, ते खोटं हाय.

तेवढ्यात सुगत खाली आला आन् म्हणे, काका, ताईचं पूर्ण नाव आन् ठिकाण सांगा. त्याची जुनी विद्यार्थिनी पायल धारणीले नोकरीवर हाय. तिच्यापाशी असाच सेट, जीपच्या बॅटरीवर चालणारा. आम्ही वर गेलो. आता ऐका नवल. धारणी आमच्याच जिल्ह्यात, तरी पायलचा आवाज आमच्याकडं येईच ना, नुसती खरखर. सुगत म्हणे, आवाज आभाळाले टेकून दूर पडते, जवळचं सुटून जाते. म्हणजे गोफणीतला गोटा आपल्या वावरातल्या पाखराले न लागता दुसऱ्याच्या वावरात जाऊन पडावा तसं. तं हा गोटा जाऊन पडला कुठं? हुबळीले! तिथं एक कानडी म्हातारे, रेल्वेतून रिटायर झालेले, त्यायले पायल बी ऐकू ये आन् सुगत बी. मराठीचा त्यायले गंध नाई. पण धारणीचं बोलणं ते अक्षर अक्षर धरून आमच्याकडं फेकत आन् आमचं तिकडं. त्या वेळी रेडिओच्या त्याच लहरीवर भोपाळचे, हैदराबादचे, आणखीन कुठचे कुठचे लोक गप्पा करून राह्यले होते. सुगतनं 'इमर्जन्सी' म्हटलं आन् सारे चूप. कोणी विचारलं नाई का कोणाची पोरगी, कोणती जात, कोणतं गाव. तुमच्या आमच्या घरच्या बैठकीत आजवर जे झालं नाई ते या लोकायनं एका शब्दावर केलं.

मंग निरोप आला. खरखर, खरखर, आन् हुबळीवाले आजोबा एकेक शब्द ठेवत म्हणाले, 'प्राजक्ता. दवाखान्यात. रक्त. बी. निगेटिव्ह.' सुगतनं विचारलं, बी? तं तिकडून आलं, 'ब्राव्हो. ब्राव्हो. निगेटिव्ह.' आता तुम्हीच सांगा! करोनानं आपल्याले काय शिकवलं? निगेटिव्ह म्हणजे जीव वाचला. बाकी तपासण्या निगेटिव्ह असतीनच, रक्त बी निगेटिव्ह, आन् वरून थो परका माणूस आनंदानं दोनदा शाबासकी देऊन राह्यला, ब्राव्हो, ब्राव्हो! मी पुढचं ऐकाले थांबलोच नाई. तसाच जिना उतरलो, कोपऱ्यावरून पेढे घेतले आन् वाटेतच तुम्हाले फोन केला.

पेढ्याचा पुडा घेऊन वर आलो तं आशा सुगतच्या खोलीत खाली फरशीवर बसलेली आन् सुगतचा चेहरा पांढराफटक. मी पेढा पुढं केला. तिनं माझ्या हाताकडं पाह्यलं आन् म्हणाली, "अवो, बी म्हणजे 'सुद्धा' नाई. तिच्या रक्ताचं नाव हाय थे. पोरीचं रक्त वाहून राह्यलं, आन् तिथं तिच्या जातीचं रक्त नाई."

देवीदासराव, मी त्या वेळी भांडलो. कोणाशी, ते सांगता येत नाई. रक्ताले नाव ठेवणाऱ्याशीच म्हणा. म्हटलं, हे काय नावं झाली? 'ए' म्हणजे कोणाले हाक मारणं, 'ओ' म्हणजे हाकेले उत्तर देणं, आन् 'बी' म्हणजे सुद्धा! असं रक्ताले नाव ठेवते काय कोणी? आन् ब्राव्हो काहून म्हणता? तं सुगत शांतपणे म्हणे, काका, 'बी' हे अक्षर 'डी' ऐकू येऊ नये, कोणाची चूक होऊ नये म्हणून ब्राव्हो म्हणते. चूक होऊ नये म्हणून! माझ्या हातातला पुडा कोणी घेतला ते मले आठवत नाई. दोन जीव होते तिथं, आन् मी इथं भाषेवर तंडून राह्यलो होतो, कारण दुसरं काही हातात नव्हतं.

सुगतनं मात्र तोवर फोन करून काढले. हा रक्तगट लाखात नाई पण शोधाले जा तं सापडत नाई असा. अमरावतीत एकच बाटली निंघाली. आशाचा गट तोच, पण तिले शुगर, तिचं रक्त कोण घेईन. सुगतच्या एका दोस्तानं बर्फाच्या डब्यात बाटली ठेवली आन् जीप परतवाड्याकडं काढली. सेमाडोहच्या पुढं नाल्यावर पाणी, आन् तिथं फोन लागत नाई. तिकडून पायल सेट घेऊन दुसऱ्या जीपनं नाल्यापर्यंत आली. म्हणजे अल्याड डबा, पल्याड पायल, मधात पाणी, आन् त्या नाल्यावर काय चाललं हे आम्हाले अमरावतीत सांगे कोण, तं हुबळीचे आजोबा! 'पाणी. अजून. खूप.' मंग, 'पाणी. ओसरून. राह्यलं.' त्या माणसाले 'ओसरून' म्हणजे काय हे माहीत नाई, तरी त्यानं त्यातला एक काना बी सांडू देल्ला नाई. मराठी शिकून मी काय केलं ते तुम्ही वर वाचलंच. मंग आलं, 'गावातले. कोरकू. भाऊ. हाताले हात. धरून. उतरले.' मंग बम वेळ काहीच नाई. आशा भिंतीकडं तोंड करून बसली होती. मंग, 'डबा. मिळाला.' सुगतनं ते वहीत उतरवलं तं पेन कागदातून पार गेला.

पुढचा वेळ कसा गेला ते इचारू नका. मी त्या पेटीकडं पाहून हात जोडले, आजवर कोणत्याच यंत्रापुढं जोडले नव्हते. ऊन उतरत आलं, गच्चीवरच्या तारेवर दोन पारवे बसले, मी त्यायले बी हाकललं नाई. आन् मंग खरखरीतून थो आवाज आला, 'आई. सुखरूप. मुलगी. झाली. दोघी. सुखरूप.' देवीदासराव, तुम्ही मामा-आजोबा झाले! हे तुम्हाले कानडी माणसाच्या तोंडून समजाले पाहिजे होतं, असं मले त्या वेळी वाटलं. इतकी शुद्ध बातमी आपल्या घरात कोणी सांगतली नाई.

मंग आजोबायनं हिंदीतून विचारलं, यह जो मैंने बोला, इसका मतलब क्या है? म्हणे, सुबह से सब लोग चुप बैठे हैं, सबको जानना है. तवा सुगतनं माइक माझ्या हातात देल्ला आन् बटन दाबाले शिकवलं. मी घसा साफ केला, आन् काय बोललो म्हणता! कापूस खरेदीचा काटा सुरू झाला होता तवा पुढाऱ्यापुढं बोललो होतो त्याहून वरचढ. हिंदीतून आभार मानले, म्हटलं हे माझी पोरगी हाय, हे नात हाय, तुम्ही सारे आजपासून माझे सोयरे. शेवटी 'ओव्हर' बी म्हटलं, जसं म्हणा लागते तसं. ऐकणाऱ्यायच्या डोळ्यात पाणी आलं असीन.

प्राजक्ता आता घरी आली हाय, पोरगी धडधाकट हाय आन् रडते तं खालच्या गल्लीले ऐकू जाते. तार जागेवरच हाय. धोतरं मी आता खालच्या अंगणात वाळवतो. माणिकबाईले नमस्कार, लेकरायले आशीर्वाद.

आपला,
खुशालराव

ताजा कलम : ग्रुपवरचं थे 'सर्व काही निगेटिव्ह' काढून टाका. लोक अजून बी त्याखाली फुलं टाकून राह्यले.

आणखी एक : आता खऱ्या कामाचं. आशा म्हणते तुमचं बी रक्त बी निगेटिव्ह हाय. (पहिला बी म्हणजे सुद्धा, दुसरा म्हणजे नाव. दोनदा वाचा.) आम्ही जे बाटली उचलली थे कोणीतरी आम्हाले न पाह्यलेल्या माणसानं देऊन ठेवली होती. तिची जागा आता रिकामी हाय. अकोल्याच्या रक्तपेढीत मी तुमचं नाव आन् नंबर देऊन बसलो हाओ. त्यायचा फोन येईन. मधात न बोलता ऐका आन् जा. सुई बारीक असते म्हणते. तुमचं वय बसते, कंबरेचा त्याच्याशी काही संबंध नाई, मी विचारून घेतलं.

देवीदास, यायनं पत्र पोस्टात टाकाले माझ्यापाशी देल्लं, म्हणून खाली मी लिहून राह्यली. तू रक्त द्याले नक्की जाय. बाकी वरचं सारं खरं हाय, फक्त भाषण झालं नाई. यायनं बटन दाबलं आन् रडले. एक शब्द निंघाला नाई, नुसतं रडणं, आन् बटन दाबलेलंच, म्हणून दुसऱ्या कोणाले बोलता येईना. सारे आयकत राह्यले. मंग सुगतनं हळूच यायचं बोट उचललं. तरी कोणी बोलेना. मले वाटलं, तुटलं. मंग थे हुबळीचे आजोबा म्हणाले, "मेसेज पूरा मिला. ओव्हर."

तुझी ताई,
आशा