गोबरगॅसपायी मोडलेली चूल

भातकुली,
ता. २४ फेब्रुवारी १९६४

श्री. खुशालरावजी यांस, भातकुलीहून सूर्यभानचा सप्रेम रामराम.

तुमचा गुडघा कसा आहे? मातोश्रींच्या डोळ्यांत वेळेवर औषध पडतं ना? तूर घरात आली असेल, अशी आशा आहे. सुभद्रा मुलांना घेऊन तुमच्याकडे आली त्याला महिना होऊन गेला. वहिनींना त्रास होत असेल, पण राहू द्या तिला. माहेरी जरा मोकळं वाटतं. माझी काळजी करू नका, मी मजेत आहे. (सकाळी चिवडा, दुपारी केळी, संध्याकाळी पुन्हा चिवडा. माणसाला याहून काय लागतं?) जरा थांबा, परसात पिंप पाहून येतो.

आलो. तर भांडणाची तिची बाजू तुम्ही ऐकलीच असेल, आता माझी ऐका. तुमच्या अकोल्याच्या जुन्या शहर भागातले, तुमच्याच गल्लीतले प्रोफेसर मोतीरामजी यांना शेणापासून असं खत करायचं होतं की काळ्या जमिनीचा कस वर्षानुवर्षं टिकावा. अमरावतीचे नत्थुजी, ज्यांची तेलगिरणी इथे माझ्या घरामागेच आहे, त्यांना गिरणीचं इंजिन डिझेलऐवजी शेणाच्या वायूवर चालवायचं होतं. दोघांना शेण एकच लागतं, हे कोणाच्या तरी लक्षात आलं आणि अकोला-अमरावती संयुक्त प्रयोग जन्माला आला. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि माझं परस मोठं आहे, एवढ्या पुण्याईवर मी चिटणीस झालो. परसात खड्डा बांधला, त्यावर लोखंडी पिंप उपडं घातलं आणि पिंपातून एक नळी माझ्या स्वयंपाकघरात आणली. करार असा की पहिला वायू नत्थुजींच्या इंजिनाला, खाली उरेल ती मळी प्रोफेसरांच्या खताला, आणि या दोघांतून काही शिल्लक राहिलं तर माझ्या शेगडीला. वास मात्र पूर्ण भातकुलीला, त्यात कोणी वाटा मागितला नाही.

आता चुलीचं. शेगडी बसवायला जागा एकच होती, चुलीची. ती चूल माझ्या आईच्या चुलीच्या जागी सुभद्राने स्वतःच्या हाताने घातलेली, रोज पहिला घास तिच्यात टाकायची. आपल्याकडे चुलीला बाईच हात लावते, पुरुषाने ती मोडायची नसते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती शेजारी गोदाबाईंकडे गेली, आणि माझ्या अंगात विज्ञान आलं. ती परत आली तेव्हा चुलीच्या जागी मातीचा ढीग होता आणि मी त्यावर उभा राहून शेगडीचं माप घेत होतो. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने चिमूटभर माती उचलून पदरात बांधली आणि म्हणाली, "चूल तं मोडली तुमी. आता तुमचा ग्यास पेटला की मले निरोप धाडा." मग मुलांना घेऊन अकोल्याची बस धरली. (क्षमा करा, पुन्हा उठावं लागलं. पिंप आहे तिथेच आहे.)

तेव्हापासून माझा संसार त्या पिंपावर अवलंबून आहे, आणि पिंप काही केल्या वर येईना. प्रोफेसर म्हणत थंडी आहे, नत्थुजी म्हणत शेण खराब आहे. (गोदाबाईंच्या म्हशींचं शेण आहे. ते खराब आहे असं त्यांच्यासमोर म्हणायची छाती कोणाला नाही.) शेवटी परसातल्या बैठकीत दोघांनी कबुली दिली. प्रोफेसरांनी खत कसदार व्हावं म्हणून खड्ड्यात गुपचूप निंबोळीची पेंड टाकली होती, दोन पोती. नत्थुजींनी इंजिनाचं गरम पाणी फुकट वाहून जातं, त्यातली ऊब वापरावी म्हणून ते गुपचूप खड्ड्यात सोडलं होतं. म्हणजे एकाने शेणाला कडू काढा पाजला आणि दुसऱ्याने ते शिजवलं. एकमेकांना सांगायचं तेवढं राहून गेलं. त्यावर दोघांत असं जुंपलं की आता पत्रव्यवहारसुद्धा माझ्यामार्फत चालतो.

मी एकट्याने खड्डा उपसला आणि नव्या शेणाने भरला. त्यातही शुक्रवार वगळून, कारण शुक्रवारी गोदाबाई घरची लक्ष्मी बाहेर जाऊ देत नाहीत आणि शेण हीदेखील लक्ष्मीच. नत्थुजींचं पाणी पुन्हा सोडलं, पण कोमट करून. अजून गुण नाही. प्रयोग बहुधा फसला असं समजा. सुभद्राला घाई करू नका. मातोश्रींना शिरसाष्टांग, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
सूर्यभान

ता. क. — तुम्ही आलेलं पत्र ओसरीवर मोठ्याने वाचता आणि प्रोफेसर समोरच्या ओट्यावर बसून ऐकतात. म्हणून इथून पुढचं मनात वाचा.

दुसरा ता. क. — पिंप वर आलं आहे. परवा सकाळी पाहिलं तर कमरेइतकं उंच. तोटी जराशी उघडली, फुस्स आवाज आला, मी घाईने बंद केली. कोणाला सांगितलेलं नाही. नत्थुजींना कळलं तर त्याच दिवशी नळी इंजिनाकडे वळवतील. करार माझ्याच अक्षरातला आहे, पण मी तो मोडणार आहे. पहिली काडी सुभद्राच्या हातची, पहिला घासही तिच्याच हातचा, मग अकोला आणि अमरावती काय ते वाटून घेवोत. तिच्यावाचून या घरात बसवत नाही, खुशालरावजी. मजेत आहे असं वर लिहिलं ते खोटं आहे.

तिसरा ता. क. — पत्र मिळेल त्याच बसने तिला बसवून द्या. पिंपाच्या कडेने आता बुडबुडे येतात आणि वासाने सगळी आळी विचारू लागली आहे. माझं पोट बिघडलंय असं मी गोदाबाईंना सांगितलं. त्या दिवसातून तीन वेळा ओव्याचा काढा घेऊन येतात आणि मी तो संपवेपर्यंत समोरून हलत नाहीत.